४० मीटरच्या डायरेक्ट कन्व्हर्जन एसएसबी ट्रान्समीटरमध्ये नको असलेला साइडबँड एकाच वारंवारतेवर का दबतो?

कोयनाकाठ

नमस्कार. ४० मीटर बँडसाठी ५ वॅटचा एसएसबी ट्रान्समीटर (कॅरिअर या मूळ लहरीच्या दोन्ही बाजूंना पडणाऱ्या आवाजाच्या पट्ट्यांपैकी, म्हणजे साइडबँडपैकी, एकच पाठवणारा) मी घरी उभा केला असून त्याची चाचणी सध्या केवळ डमी लोडवर (अँटेनाऐवजी जोडलेल्या रेझिस्टरवर) चालू आहे. त्यात इंटरमीडिएट फ्रीक्वेन्सी किंवा क्रिस्टल फिल्टर असे काहीही नाही. आवाजाचे रूपांतर थेट ७.१ मेगाहर्ट्‌झवर होते.

मायक्रोफोनचा आवाज लॅपटॉपमध्ये जातो. तिथे ४८ किलोहर्ट्‌झ सॅम्पलिंगवर ५११ गुणकांचा हिल्बर्ट फिल्टर त्याची ९० अंशांनी सरकलेली प्रत तयार करतो, आणि मूळ आवाज २५५ सॅम्पल थांबवून तिच्यासोबत पाठवला जातो. मूळ आवाज आणि त्याची सरकलेली प्रत हे आय आणि क्यू प्रवाह एका स्वस्त यूएसबी साउंड डोंगलच्या डाव्या व उजव्या चॅनेलमधून बाहेर पडतात, ऑप-ॲम्पमधून प्रत्येकाची सुलट आणि उलट अशी जोडी होते आणि या चार रेषा एफएसटी३२५३ या स्विचला मिळतात. स्विच चालवण्यासाठी एसआय५३५१ या चिपकडून २८.४ मेगाहर्ट्‌झचा क्लॉक घेऊन ७४एसी७४ या फ्लिप-फ्लॉप चिपने त्याला ४ ने भागले आहे. त्यापुढे ड्रायव्हर, आयआरएफ५१० या ट्रान्झिस्टरची पुश-पुल जोडी आणि लो-पास फिल्टर आहे.

डमी लोडवरचा सिग्नल ७० डेसिबलने क्षीण करून तो मी आरटीएल-एसडीआर या संगणकाला जोडायच्या छोट्या रिसीव्हरवर पाहतो. लोअर साइडबँड निवडून एकच टोन दिला असता अपर साइडबँडमधील त्याची प्रतिमा किती खाली आहे, याची नोंद अशी आहे: ३०० हर्ट्‌झला ३४ डेसिबल, १००० हर्ट्‌झला २४ डेसिबल आणि २७०० हर्ट्‌झला अवघी १५ डेसिबल. प्रोग्राममध्ये आय व क्यूची पातळी आणि त्यांच्यातील फेज बदलण्याची सोय आहे. ती वापरून १००० हर्ट्‌झवरची प्रतिमा ५० डेसिबलच्याही खाली नेता येते; परंतु त्याच मांडणीत २७०० हर्ट्‌झला १९ डेसिबलच मिळतात, आणि ३०० हर्ट्‌झला तर आधीचे ३४ बिघडून २७ होतात. याखेरीज ७.१ मेगाहर्ट्‌झवर कॅरिअर पूर्ण टोनच्या केवळ ३१ डेसिबल खाली उरतो आणि प्रोग्राममधून काहीही केले तरी तो हलत नाही.

हा दोष ७४एसी७४ च्या क्वाड्रेचरमध्ये (९० अंशांच्या क्लॉक जोडीत) आहे का? की डायरेक्ट कन्व्हर्जनची मर्यादाच ही आहे आणि मी क्रिस्टल फिल्टरकडे वळावे?

गच्चीवरचा डायपोल

माझे मत स्पष्ट आहे: फिल्टरकडे वळा. आपल्याकडे ४० मीटर बँड ७.० ते ७.२ मेगाहर्ट्‌झ एवढाच आहे आणि संध्याकाळी त्यात जागा मिळवणे अवघड असते. ५ वॅटच्या १५ डेसिबल खाली म्हणजे जवळपास १६० मिलिवॅट शक्ती आपण शेजाऱ्याच्या जागेत पाठवत आहात, आणि तीही उलट्या, न समजणाऱ्या आवाजात. परिस्थिती चांगली असेल तर तेवढ्या शक्तीवर लोक दोन राज्यांपलीकडे बोलतात.

हैदराबादच्या अश्हर फरहान यांनी २००३ मध्ये मांडलेला बिटएक्स हा संच पाहा. बाजारात सहज मिळणाऱ्या १० मेगाहर्ट्‌झच्या क्रिस्टलमधून जुळणारी निवडायची, त्यांचा लॅडर फिल्टर (एकामागून एक जोडलेल्या क्रिस्टलचा) करायचा आणि बॅलन्स्ड मॉड्युलेटरमधून आलेल्या दोन साइडबँडपैकी एक त्याने कापायचा, एवढाच मामला आहे. तिथे दाब, म्हणजे नको असलेला साइडबँड किती खाली जातो ते, कोणत्याही दोन गोष्टींच्या तंतोतंत जुळण्यावर अवलंबून नसतो. फिल्टर एकदा नीट बसला की उन्हाळा असो वा पावसाळा, तो तसाच राहतो. फेजिंगवाल्या, म्हणजे आपल्यासारख्या ९० अंशांच्या जुळणीवर चालणाऱ्या, संचांना दर काही महिन्यांनी स्क्रूड्रायव्हर लागतो, असा माझा अनुभव आहे.

चारफेज

गच्चीवरचा डायपोल यांचा शेजाऱ्याविषयीचा मुद्दा रास्त आहे, तरीही कोयनाकाठ यांनी दिलेल्या आकड्यांवरून फिल्टरकडे वळण्याचे कारण मला दिसत नाही. त्या आकड्यांत दोषाचा पत्ता जवळजवळ लिहिलेला आहे.

नको असलेला साइडबँड दोन मिक्सरच्या (आपल्याकडे स्विचच्या आय आणि क्यू बाजूंच्या) वाट्यांची वजाबाकी होऊन नाहीसा होतो, तर हवा असलेला त्यांच्या बेरजेतून येतो. प्रत्येक वाटा १ मानला तर बेरीज २ होते, आणि जुळणीत जी छोटी चूक असेल तेवढी वजाबाकी उरते. म्हणून दाब हा २ भागिले चूक या गुणोत्तराच्या लॉगॅरिदमची २० पट असतो. चूक फेजची असेल तर ती रेडियनमध्ये घ्यायची आणि पातळीची असेल तर अपूर्णांकात. १ अंश म्हणजे ०.०१७५ रेडियन, त्यामुळे १ अंशाची चूक दाबाला सुमारे ४१ डेसिबलवर अडवते; पातळीतील १ टक्क्याची चूक ४६ डेसिबलवर अडवते. दोन्ही एकत्र असतील तर त्या काटकोनात असल्यासारख्या, म्हणजे वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेऊन, मिळवायच्या. ५० डेसिबल हवे असतील तर एकूण चूक फेजच्या भाषेत ०.३६ अंशांच्या आत हवी.

आता हेच गणित उलटे करून आपल्या नोंदींना लावू. ३४ डेसिबल म्हणजे सव्वादोन अंश, २४ डेसिबल म्हणजे साडेसात अंश आणि १५ डेसिबल म्हणजे वीस अंशांहून थोडे अधिक. मोठ्या कोनांसाठी अर्ध्या कोनाचा कोटॅन्जंट घ्यावा लागतो, पण आकडे हेच येतात. या तीन कोनांना त्या त्या वारंवारतेने भागून पाहा. तिन्ही वेळा उत्तर दर १००० हर्ट्‌झला साडेसात अंश असे येते. फेजची चूक वारंवारतेच्या प्रमाणात सरळ रेषेत वाढत असेल तर ती फेजची चूक नसून वेळेची चूक असते. १००० हर्ट्‌झच्या एका आवर्तनाला १००० मायक्रोसेकंद लागतात आणि त्यातील साडेसात अंश म्हणजे २०.८ मायक्रोसेकंद. ४८ किलोहर्ट्‌झच्या सॅम्पलिंगमध्ये दोन सॅम्पलमधले अंतरही नेमके एवढेच आहे.

म्हणजे आपल्या आय आणि क्यू यांच्यात एका सॅम्पलची तफावत पडली आहे. प्रोग्रामची फेजची कळ सगळ्या वारंवारतांना सारखाच कोन देते. १००० हर्ट्‌झवरचे साडेसात अंश तिने काढले की ३०० हर्ट्‌झला गरजेपेक्षा सव्वापाच अंश जास्त जातात आणि २७०० हर्ट्‌झला पावणेतेरा अंश कमी पडतात. या उरलेल्या कोनांना वरचे सूत्र लावले तर २७ आणि १९ डेसिबल मिळतात, म्हणजे आपल्या दुसऱ्या नोंदीसुद्धा याच एका कारणातून निघतात. ७४एसी७४ दोषी असता तर तिन्ही टोनांवर दाब सारखाच खराब दिसला असता, कारण स्विच फिरवणाऱ्या क्लॉकला आवाजाची वारंवारता ठाऊक नसते.

ही तफावत दोन ठिकाणी असू शकते. एक जागा प्रोग्राममधली: ५११ गुणकांच्या फिल्टरचा मध्य २५५ सॅम्पलवर असतो आणि आपण तेच लिहिले आहे, पण रिंग बफरमध्ये आधी लिहून मग वाचले की आधी वाचून मग लिहिले, यावरून एका सॅम्पलचा फरक सहज पडतो. दुसरी जागा म्हणजे डोंगल. डिजिटल ध्वनीच्या तारेवर डावा आणि उजवा आकडा एकापाठोपाठ एक येतात, आणि काही स्वस्त चिप त्यांची जोडी लावताना मागच्या फ्रेममधला उजवा आणि या फ्रेममधला डावा असे एकत्र बाहेर सोडतात. गाणी ऐकणाऱ्याला याचा पत्ता कधीच लागत नाही.

दोन्ही शक्यता वेगळ्या करण्यासाठी हिल्बर्ट फिल्टर पूर्ण बाजूला ठेवून एकच टोन दोन्ही चॅनेलमधून पाठवा आणि डोंगलचे दोन आउटपुट सीआरओच्या (ऑसिलोस्कोपच्या) एक्स व वाय इनपुटना द्या. चॅनेल एकाच वेळी चालत असतील तर कोणत्याही वारंवारतेवर तिरकी सरळ रेषा दिसेल. डोंगलमध्येच एका सॅम्पलची तफावत असेल तर टोन वाढवत नेताना रेषेचे लंबवर्तुळ होत जाईल आणि १२ किलोहर्ट्‌झला, जिथे एका आवर्तनात बरोबर ४ सॅम्पल बसतात, तिथे ९० अंश होऊन वर्तुळ दिसेल. या चाचणीला जुना २० मेगाहर्ट्‌झचा सीआरओसुद्धा पुरेसा आहे.

कॅरिअरचा प्रश्न निराळा आहे आणि तो प्रोग्राममधून न हलण्याचे कारणही सरळ आहे. स्विचकडे जाणाऱ्या सुलट आणि उलट रेषांच्या डीसी पातळीत फरक असेल तर स्विच त्या फरकाचाही ७.१ मेगाहर्ट्‌झचा सिग्नल करतो. १ व्होल्ट शिखराच्या सिग्नलमागे २८ मिलिव्होल्टचा फरक असला की कॅरिअर बरोबर ३१ डेसिबलवर दिसतो. प्रोग्राममध्ये डीसी मिळवून त्याला छेद देता आला असता, परंतु डोंगलच्या आउटपुटला कपॅसिटर असतो आणि डीसी तो ओलांडत नाही. त्यामुळे हे काम ऑप-ॲम्पपाशीच करावे लागेल: आय आणि क्यू दोन्हींच्या उलट रेषेच्या बायसवर एकेक मल्टिटर्न ट्रिमपॉट बसवा. दोन्ही लागतात, कारण गळणाऱ्या कॅरिअरची फेज कोणतीही असू शकते आणि ती रद्द करायला परस्परांशी ९० अंशांत असलेले दोन घटक हवेत.

कोयनाकाठ

आभारी आहे. सीआरओवरची चाचणी केली. ३०० हर्ट्‌झला जवळजवळ सरळ रेषा, २७०० हर्ट्‌झला स्पष्ट लंबवर्तुळ आणि १२ किलोहर्ट्‌झला वर्तुळ दिसले, म्हणजे तफावत डोंगलमध्ये आहे. प्रोग्राममध्ये उशिरा न येणारे चॅनेल एका सॅम्पलने मागे सरकवले आणि पातळी व फेजच्या कळा शून्यावर ठेवून नव्याने मोजले: ३०० हर्ट्‌झला ३५, १००० हर्ट्‌झला ३८ आणि २७०० हर्ट्‌झला ३८ डेसिबल.

यानंतर १००० हर्ट्‌झवर केवळ पातळीची कळ फिरवली असता जास्तीत जास्त ४१ डेसिबल मिळाले, आणि फेजही बदलल्यावर ५५ च्या पुढे गेले. आता २७०० हर्ट्‌झलाही ५० च्या वर मिळतात. मात्र ३०० हर्ट्‌झला ४३ च्या पुढे काही जात नाही. ट्रिमपॉट बसवून कॅरिअर ५२ डेसिबलपर्यंत खाली आणला, पण अर्ध्या तासाने तो परत ४६ वर आला होता.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. १००० हर्ट्‌झचा टोन देताना ७.०९९ वर हवा असलेला सिग्नल, ७.१०१ वर आता दबलेली प्रतिमा, हे ठीक आहे, परंतु ७.१०३ वर एक वेगळीच रेष उभी राहते. टोनची पातळी कमी केली की ती फार भराभर खाली जाते. ती कशाची?

मध्यरात्रीचा बँड

चर्चा वाचताना एक शंका आली. डोनाल्ड वीव्हर यांनी १९५६ मध्ये मांडलेली तिसरी पद्धत इथे का वापरू नये? हार्टली यांच्या जुन्या फेजिंग पद्धतीत लोकल ऑसिलेटर (मिक्सर चालवणारी लहर) दाबलेल्या कॅरिअरच्या जागी असतो, म्हणून जुळणीत चूक झाली की प्रतिमा पलीकडच्या साइडबँडमध्ये, म्हणजे शेजाऱ्याकडे पडते. वीव्हर यांच्या पद्धतीत आवाज आधी १५०० हर्ट्‌झभोवती दुमडून शून्याच्या दोन्ही बाजूंना १२०० हर्ट्‌झपर्यंत आणला जातो आणि लोकल ऑसिलेटर आपल्याच पट्ट्याच्या मधोमध ठेवला जातो. त्यामुळे प्रतिमा कितीही वाईट दबली तरी ती आपल्याच पट्ट्यात पडते, शेजाऱ्याला त्रास नाही. लॅपटॉप हाताशी असताना हा बदल केवळ काही ओळींचा आहे. गच्चीवरचा डायपोल यांची हरकतही त्याने मिटेल.

चारफेज

आधी वीव्हर. मध्यरात्रीचा बँड यांनी मांडलेला फायदा खरा आहे. बँडवरच्या इतरांच्या दृष्टीने पाहिले तर हार्टली पद्धतीत ४० डेसिबलची जी प्रतिमा अपुरी ठरेल, ती वीव्हर पद्धतीत आपल्याच आवाजाखाली दडून जाते आणि ऐकणाऱ्याला फार तर किंचित घोगरेपणा जाणवतो. अडचण कॅरिअरची आहे. हार्टली पद्धतीत गळलेला कॅरिअर ऐकणाऱ्याच्या रिसीव्हरमध्ये शून्य हर्ट्‌झवर येतो आणि त्याचा फिल्टर तो बऱ्याच अंशी काढून टाकतो. वीव्हर पद्धतीत तोच कॅरिअर पट्ट्याच्या मध्यावर, म्हणजे १५०० हर्ट्‌झची शिट्टी होऊन, शब्दाशब्दांमधल्या प्रत्येक विरामात वाजत राहतो, आणि माणसाचा कान तिथे चांगलाच तिखट असतो. ज्या संचाचा कॅरिअर अर्ध्या तासात ६ डेसिबल सरकतो त्याला मी आज तरी वीव्हर पद्धत सुचवणार नाही. डोंगलच्या कपॅसिटरमुळे डीसीच्या आसपासचा भाग जाईल आणि १५०० हर्ट्‌झपाशी आवाजात खाच पडेल हाही आक्षेप घेतला जातो, पण ती खाच काही दहा हर्ट्‌झ रुंद असते आणि बोलण्यात ऐकूही येत नाही. त्या कारणासाठी पद्धत नाकारू नये.

लोकल ऑसिलेटर पट्ट्यापासून १० ते १२ किलोहर्ट्‌झ दूर ठेवून आवाज वरच्या बेसबँड (मिक्सरआधीच्या) वारंवारतेवर न्यायचा, हा एसडीआर रिसीव्हरमधला उपायही कुणीतरी सुचवेल म्हणून आधीच लिहितो. रिसीव्हरमध्ये तो उत्तम चालतो. ट्रान्समीटरमध्ये मात्र प्रतिमा आणि कॅरिअर दोन्ही आपल्या पट्ट्यातून उठून दूरच्या अनोळखी माणसाच्या संभाषणावर जाऊन बसतात, आणि आपल्याला उत्तर देणाऱ्याला ते कधी ऐकूच येत नाहीत. त्यामुळे दोष आहे हे सांगणाराही कुणी राहत नाही.

आता उरलेले आकडे. पातळी जुळवल्यानंतर ४१ डेसिबलवर अडकणे म्हणजे १ अंशाची फेजची चूक शिल्लक असणे. ही चूक सगळ्या टोनांना सारखी होती, म्हणून फेजच्या कळेने ती सगळीकडे एकदमच गेली. ही खरोखर स्विचच्या बाजूची चूक आहे. ३०० हर्ट्‌झला ४३ डेसिबल म्हणजे जवळपास ०.८ अंश, आणि तो फक्त खालच्या टोकाला दिसतो, म्हणजे कपलिंग कपॅसिटर. आपण मूल्ये दिलेली नाहीत, परंतु ऑप-ॲम्पच्या इनपुटला नेहमीप्रमाणे १ मायक्रोफॅरड आणि १० किलोओहम असतील तर त्यांची कट-ऑफ वारंवारता १६ हर्ट्‌झ येते आणि ३०० हर्ट्‌झला ती जोडी ३ अंशांची फेज देते. दोन्ही चॅनेलना अगदी सारखे ३ अंश मिळाले तर काहीच बिघडत नाही. पण इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे मूल्य छापलेल्या आकड्यापेक्षा २० टक्के इकडेतिकडे असणे सामान्य आहे; एक कमी आणि दुसरा जास्त निघाला की ०.८ अंशांचा फरक सहज पडतो. मीटर घेऊन जुळणारी जोडी शोधण्यापेक्षा दोन्हीकडे १० मायक्रोफॅरड लावा. मग ३०० हर्ट्‌झची एकूण फेजच ०.३ अंश उरेल आणि तिच्यातला पाचवा भाग इकडेतिकडे झाला तरी दाबावर त्याचा परिणाम दिसणार नाही. याच्या उलट कुणी जागा वाचवण्यासाठी तिथे ०.१ मायक्रोफॅरड लावला तर ३०० हर्ट्‌झला २८ अंशांची फेज येते, आणि मूल्यांत १० टक्के फरक असला तरी दाब ३३ डेसिबलच्या आत राहतो. फेजिंगचे संच लहरी असतात अशी जी ख्याती आहे तिच्यात या एका कपॅसिटरचा वाटा मोठा असावा, असे मला वाटते.

७.१०३ वरची रेष मिक्सरच्या बेसबँड बाजूची आहे. ऑप-ॲम्प किंवा स्विच जास्त पातळीमुळे थोडा जरी वाकला तरी तो आय आणि क्यू दोन्हींत तिसरा हार्मोनिक तयार करतो. कोसाइनच्या घनातून निघणाऱ्या तिसऱ्या हार्मोनिकचे चिन्ह धन असते आणि साइनच्या घनातून निघणाऱ्याचे ऋण. म्हणून या जोडीचा फिरण्याचा क्रम मूळ टोनच्या उलट होतो आणि ३००० हर्ट्‌झचा घटक नेमका नको असलेल्या साइडबँडमध्ये जाऊन पडतो. पातळी आणि फेजच्या कळांनी तो कधीच जाणार नाही, कारण तो जुळणीच्या चुकीतून आलेला नाही. टोन १ डेसिबलने कमी केल्यावर ही रेष ३ डेसिबलने खाली जात असेल तर कारण हेच. ऑप-ॲम्प ५ व्होल्टवर चालत असेल तर त्याच्या पुरवठ्याच्या टोकांपर्यंत सिग्नल नेऊ नका. शिखर १ व्होल्टऐवजी अर्ध्या व्होल्टवर आणा आणि गेलेली शक्ती ड्रायव्हरमधून परत मिळवा. एक पथ्य मात्र पाळा: सिग्नल निम्मा केला की तेवढ्याच डीसी फरकाने कॅरिअर ६ डेसिबलने वर दिसू लागतो. या दोहोंमधला मध्य आपल्याला मोजूनच ठरवावा लागेल.

कॅरिअर सरकण्याचे कारण शोधताना पॉवर ॲम्प्लिफायर चालू असताना आणि बंद असताना असे दोन वेळा मोजा; बंद असताना ड्रायव्हरच्या आउटपुटवर पाहा. ॲम्प्लिफायर बंद असतानाही तो तसाच सरकत असेल तर ऑप-ॲम्प किंवा बायसचे रेझिस्टर तापत आहेत. आयआरएफ५१० चे हीटसिंक त्यांच्या शेजारी असेल तर जागा बदला, आणि शून्य जुळवण्याचे काम संच तापल्यावरच करा. केवळ ॲम्प्लिफायर चालू असतानाच तो हलत असेल तर ७.१ मेगाहर्ट्‌झची शक्ती मागे येऊन स्विचच्या इनपुटवर बसते आहे, आणि तिथे ट्रिमपॉट निरुपयोगी आहे. दोन भागांमध्ये पत्र्याचा पडदा आणि पुरवठ्याच्या तारेवर फेराइट लागेल. डायरेक्ट कन्व्हर्जनची खरी उणीव मला इथे दिसते. आउटपुट आणि मिक्सर एकाच वारंवारतेवर असतात, त्यामुळे गळतीला अडवणारा एकही फिल्टर मध्ये उभा करता येत नाही.

गच्चीवरचा डायपोल

एक दुरुस्ती मला न्यायाने करावी लागेल. फिल्टर पद्धतीतही दाब सगळ्या टोनांवर सारखा नसतो: फिल्टरचा उतार जिथे असतो तिथे, म्हणजे ३०० हर्ट्‌झच्या आसपास, चार क्रिस्टलचा साधा लॅडर फिल्टर फारसा दाबत नाही, आणि त्याचे दोन उतारही सारखे तीव्र नसतात, वरचा अधिक उभा असतो. तरीही नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी फिल्टरच सुचवेन, कारण वरच्या सगळ्या मोजमापांसाठी लागणारा धीर प्रत्येकाकडे असतोच असे नाही.

मोजमापाबद्दल एक सूचना. दोन टोनांच्या चाचणीत साइडबँडचा दाब वाचू नका. ७०० आणि १९०० हर्ट्‌झचे टोन दिले तर आयआरएफ५१० चा तिसऱ्या क्रमाचा इंटरमॉड्युलेशनचा (दोन टोन एकमेकांत मिसळून होणारा) एक घटक पलीकडच्या बाजूला ५०० हर्ट्‌झवर आणि पाचव्या क्रमाचा एक घटक त्याच बाजूला १७०० हर्ट्‌झवर पडतो. प्रतिमा मात्र ७०० आणि १९०० हर्ट्‌झवर असतात. या जोडीचा तिसऱ्या क्रमाचा घटक साधारण ३० डेसिबलवरच असतो, त्यामुळे घाईत पाहणारा त्यालाच प्रतिमा समजून कळा फिरवत बसतो.

कोयनाकाठ

१० मायक्रोफॅरड बसवल्यावर ३०० हर्ट्‌झलाही ५१ डेसिबल मिळाले. शिखर अर्ध्या व्होल्टच्या थोडे वर ठेवल्यावर ७.१०३ वरची रेष नॉइझपासून वेगळी ओळखू येत नाही. कॅरिअर ॲम्प्लिफायर बंद असतानाही सरकतो. हीटसिंक ऑप-ॲम्पपासून दोन बोटांवर आहे, त्यामुळे बोर्डाची मांडणी बदलावी लागेल. एक शेवटची शंका: ही जुळणी ७.१ मेगाहर्ट्‌झवर केली आहे. ७.०५ किंवा ७.१९ वर गेल्यास ती पुन्हा करावी लागेल का, आणि पुढे हाच संच २० मीटरवर न्यायचा झाल्यास काय होईल?

चारफेज

४० मीटरच्या आत पुन्हा करण्याची गरज नाही. आपली १ अंशाची चूक ही मुळात स्विचच्या रेषांमधली वेळेची चूक आहे: ७.१ मेगाहर्ट्‌झच्या एका आवर्तनाला १४१ नॅनोसेकंद लागतात, त्यातला १ अंश म्हणजे सुमारे ०.४ नॅनोसेकंद. पूर्ण बँड ओलांडला तरी वारंवारता ३ टक्क्यांहूनही कमी बदलते, म्हणजे कोनात ०.०३ अंशांचा फरक पडेल, जो ५० डेसिबलच्या हिशेबात नगण्य आहे. १४.२ मेगाहर्ट्‌झला मात्र तेच ०.४ नॅनोसेकंद २ अंश होतात, तेव्हा २० मीटरसाठी फेजचा वेगळा आकडा प्रोग्राममध्ये साठवा. पातळीचा आकडा बहुधा तोच चालेल. कॅरिअरचे शून्यही तिथे वेगळे येईल, कारण त्याचा काही भाग डीसीतून न येता स्विचच्या आतल्या धारकतेतून थेट गळतो आणि तो वारंवारतेबरोबर वाढतो. ट्रिमपॉटची जोडी एकच असल्यामुळे दोन बँडांसाठी तडजोड करावी लागेल, किंवा बायस एखाद्या छोट्या डीएसी (आकड्यावरून व्होल्टेज देणाऱ्या) चिपकडून घेऊन बँडनुसार बदलावा लागेल. एसआय५३५१ कडून तेव्हा ५६.८ मेगाहर्ट्‌झ घ्यावे लागतील. ७४एसी७४ ला ते जड नाहीत. आणि लो-पास फिल्टर बदलायला विसरू नका: स्विच तिसऱ्या हार्मोनिकवरही काम करतो, तिथे आय आणि क्यू यांचा क्रम उलटतो, आणि आपला लोअर साइडबँड २१.३ मेगाहर्ट्‌झवर अपर होऊन बाहेर पडतो. ४० मीटरचा फिल्टर त्याला गाडून टाकतो म्हणून तो आपल्याला आजवर दिसला नाही.